द्रावण, कलिल आणि निलंबन : मात्रेच्या दृष्टीने एक विचार



गेल्या पावसाळ्यात आमच्या चिकित्सालयात एक माता आपल्या पाच वर्षांच्या मुलास घेऊन आली. चार दिवसांपूर्वी त्याच मुलास आम्ही कासासाठी अडुळसा व ज्येष्ठमध यांचा काढा सांगितला होता आणि त्यात पिंपळीचूर्णाचा प्रक्षेप टाकण्यास सांगितले होते. मातेने सर्व काही सांगितल्याबरहुकूम केले. सकाळी काढा केला, गाळला, चूर्ण टाकून ढवळला आणि बाटलीत भरून दिवसातून तीन वेळा चार चार चमचे दिला. सकाळची मात्रा मुलाने हसत घेतली. रात्रीची मात्रा घेताच त्याच्या घशाची आग झाली व त्यास वांती झाली. हा प्रकार तीन दिवस सलग घडला. मातेने बाटली सोबत आणली होती. तळाशी बोटभर जाडीचा करडा थर साचलेला होता. दिवसभराची जवळजवळ सर्व पिंपळी त्या मुलास रात्रीच्या चार चमच्यांत मिळत होती.

चूक मातेची नव्हती. औषध, प्रमाण, काल व अनुपान हे सर्व आम्ही लिहून दिले होते. "प्रत्येक वेळी बाटली हलवून द्यावी" हे पाच शब्द मात्र लिहावयाचे राहिले होते. प्रस्तुत लेखाचे निमित्त ते पाच शब्द होत.

रसायनशास्त्रात मिश्रणांचे द्रावण, कलिल व निलंबन असे तीन प्रकार सांगितले जातात. शालेय पाठ्यपुस्तकात ते आपण सर्वांनीच वाचले आहेत आणि परीक्षेनंतर बहुतेकांनी ते विसरूनही टाकले आहेत. आमच्या मते भैषज्यकल्पनेचा अभ्यास करणाऱ्यास हा भेद नित्य उपयोगाचा आहे. कल्पात काय घातले आहे हे ग्रंथ सांगतो. परंतु बाटलीतील पहिल्या चमच्यात व शेवटच्या चमच्यात तेच औषध तितकेच आहे किंवा नाही, हे त्या मिश्रणाचा प्रकार ठरवितो.

भेद समजण्यासाठी तीन काचपात्रे घ्यावीत. पहिल्यात पाणी व चिमूटभर सैंधव, दुसऱ्यात पाणी व दुधाचे चार थेंब, तिसऱ्यात पाणी व सोनगेरूचे चूर्ण टाकून तिन्ही ढवळावीत. खोलीत अंधार करून बाजूने विजेरीचा बारीक झोत सोडावा. सैंधवाच्या पाण्यातून झोत आरपार जातो, परंतु त्याचा मार्ग दिसत नाही. दुधाच्या पाण्यात तो मार्ग धुरकट पट्ट्यासारखा स्पष्ट दिसतो. गेरूच्या पाण्यात प्रकाश अडतो, आणि काही वेळाने वरचे पाणी निवळून तळाशी तांबडा थर बसतो. गाळण कागदावर ओतल्यास पहिली दोन जशीच्या तशी खाली उतरतात. गेरू कागदावर राहतो.

यातील सर्व रहस्य कणांच्या आकारात आहे. द्रावणात द्राव्याचे कण रेणू अथवा आयन यांच्या पातळीचे, म्हणजे साधारणतः एक नॅनोमीटरहून लहान असतात. (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) कलिलातील कण एक नॅनोमीटरपासून सुमारे एक हजार नॅनोमीटरपर्यंत असतात, काही ग्रंथ ही वरची सीमा शंभरावरच धरतात. त्याहून मोठे कण असले की ते निलंबन होय. अर्थात निसर्गाने या सीमा आखून दिलेल्या नाहीत. त्या अभ्यासकाच्या सोयीसाठी आहेत आणि एकाच पात्रात तिन्ही प्रकार सुखाने एकत्र नांदतात.

कलिल हा शब्द ज्या पाश्चात्त्य संज्ञेसाठी आपण योजतो ती १८६१ साली थॉमस ग्रॅहॅम या शास्त्रज्ञाने रूढ केली. मीठ व साखर चर्मपत्रातून सहज पलीकडे जातात, परंतु डिंक व सरस यांसारखे पदार्थ अलीकडेच राहतात, असे त्यास आढळले. ग्रीक भाषेतील सरसवाचक शब्दावरून त्याने या वर्गास नाव दिले. त्यापूर्वी चार वर्षे, १८५७ साली, मायकेल फॅरडे याने सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात विखरून माणकासारखे लाल पाणी तयार केले होते. सोने पाण्यात विरघळत नाही. तरी ते पाणी पारदर्शक दिसे, आणि झोत टाकला असता त्यातील कण स्वतःचे अस्तित्व उघड करीत. सोन्याचा हा विषय पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून येथे त्याचा उल्लेख केला.

तिन्ही प्रकार एका पेल्यात पाहावयाचे असतील तर दुधासारखे दुसरे उदाहरण नाही. दुधातील दुग्धशर्करा व बरेचसे क्षार खऱ्या अर्थाने विरघळलेले असतात. केसीन हे प्रथिन शेदीडशे नॅनोमीटरच्या पुंजक्यांच्या रूपाने कलिलावस्थेत असते, आणि दुधाचा शुभ्र वर्ण बव्हंशी या पुंजक्यांमुळे व स्निग्ध थेंबांमुळे प्रकाश विखुरला जाऊन येतो. स्निग्धांशाचे थेंब त्याहून मोठे, काही मायक्रोमीटरचे असतात; ते पाण्याहून हलके असल्यामुळे हळूहळू वर येतात आणि साय धरते. द्रवात द्रव विखुरलेल्या अशा मिश्रणास पायस म्हणतात. लिंबू पिळले की केसीनचे पुंजके एकमेकांस चिकटून दूध फाटते, परंतु शर्करा निवळीतच राहते. एकाच आघाताने कलिल मोडले व द्रावण मात्र अबाधित राहिले, हे येथे ध्यानात घ्यावे.

कलिल का टिकते आणि केव्हा मोडते, हे सोलापूर जिल्ह्यातील वैद्यास शिकविण्यास भीमा नदी समर्थ आहे. आषाढात पंढरपुरी चंद्रभागेचे पाणी ज्यांनी तांब्यात घेऊन पाहिले असेल त्यांना माहीत आहे की ते रात्रभर ठेवले तरी पुरते निवळत नाही. वाळू तत्काळ बसते. काळ्या मातीचा अंश मात्र पाण्यात तरंगतच राहतो. स्टोक्सच्या नियमाप्रमाणे कण बसण्याचा वेग त्याच्या त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. गणित केले असता एक दशांश मिलिमीटर व्यासाचा वाळूचा कण वीतभराहून थोड्या अधिक, म्हणजे तीस सेंटिमीटर खोल घागरीचा तळ सुमारे अर्ध्या मिनिटात गाठतो. मातीचा एक मायक्रोमीटरचा कण त्यासाठी चार दिवस घेईल. त्याचाही दहावा हिस्सा असलेल्या कणास हिशेबाने वर्षाहून अधिक काळ लागेल. प्रत्यक्षात तो बसणारच नाही, कारण पाण्याचे रेणू त्यास सर्व बाजूंनी सतत धक्के देत असतात. या अखंड हालचालीस, ती १८२७ साली परागकणांतील सूक्ष्म अंशांच्या ठिकाणी पाहणाऱ्या रॉबर्ट ब्राउनच्या नावाने, ब्राउनीय गती म्हणतात.

मग हे कण एकमेकांवर आदळून चिकटत का नाहीत? काळ्या मातीच्या कणांवर ऋण विद्युत्भार असतो आणि समान भार परस्परांस दूर लोटतात. आपल्या घरातील वृद्ध स्त्रिया पाण्यात तुरटी फिरवीत असत, तेव्हा त्या नेमका हा भारच नाहीसा करीत. तुरटीतील ॲल्युमिनियमच्या आयनावर तीन धन भार असतात; ऋण भाराचे कलिल साकळविण्यात तो मिठातील सोडियमपेक्षा कित्येक शे पटींनी प्रभावी ठरतो. त्याशिवाय ॲल्युमिनियमचा बुळबुळीत साका तयार होऊन तो गाळास आपल्यासोबत खाली ओढतो. जलशुद्धीकरण केंद्रांतून प्रचंड प्रमाणावर हीच क्रिया केली जाते. सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी प्रसन्न करणाऱ्या सात द्रव्यांत कतक प्रथम येते, हे आपणास विदित आहेच. त्या बीजास मराठीत निवळी हेच नाव आहे. ते सहाणेवर उगाळून पाण्यात मिसळले असता त्यातील प्रथिने व बहुशर्करा मातीच्या कणांना परस्परांशी जोडून त्यांचे जड पुंजके बनवितात. मुंडणानंतर किंवा दाढी करताना कापले असता स्फटिका लावल्याने रक्त थांबते, त्यातही प्रथिनांचे कलिल साकळण्याचाच भाग मोठा आहे.

येथे एक सावधगिरी सांगणे अवश्य वाटते. तुरटीने निवळलेले पाणी गढूळपणापुरते शुद्ध झाले. त्यात जे विरघळलेले आहे ते तसेच राहिले. कूपनलिकेचे कठीण पाणी कितीही स्वच्छ दिसले आणि कितीही वस्त्रांतून गाळले तरी त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम निघत नाहीत. द्रावणाचा हाच गुण आणि हाच धोका आहे. ते सर्वत्र समान असते, म्हणून मात्रेस उत्तम. परंतु त्यातील दोष डोळ्यांस दिसत नाही आणि गाळणीस सापडत नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिल्यानंतर चौदा रुग्ण दगावले. त्या ग्लिसरॉलमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेले होते. दोन्ही द्रव रंगहीन, गोडसर व एकमेकांत पूर्ण मिसळणारे आहेत. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. नितळ दिसणाऱ्या औषधाविषयी मनात निष्काळजीपणा येऊ लागला की आम्ही त्या घटनेचे स्मरण करतो.

आता आपल्या कल्पांकडे वळू. पंचविध कषायकल्पनांपैकी कल्क हे तर उघडच घन-द्रव मिश्रण आहे; त्याविषयी अधिक लिहीत नाही. क्वाथ मात्र फसवा आहे. शार्ङ्गधराने सांगितल्याप्रमाणे भरड द्रव्याच्या सोळापट पाणी घालून अष्टमांश शेष राखले की त्यात शर्करा, क्षार व अनेक लहान रेणू विरघळलेले असतात; डिंक, प्रथिने, फेस आणणारी सॅपोनिने व मोठी टॅनिने कलिलावस्थेत असतात; आणि वस्त्रातून निसटलेले वनस्पतीचे कण निलंबित असतात. म्हणजे काढा हा तिन्हींचा संसार आहे. शिवाय तो स्थिर नसतो. उकळत असताना नितळ असलेला काढा थंड होताच गढूळ होतो. कडक कोरा चहा थंड झाला की मातकट दिसतो हे सर्वांनी पाहिलेले आहे. उष्णतेने विलग असलेले टॅनिन व इतर द्रव्यांचे रेणू थंडाव्यात परस्परांस धरून मोठे पुंज बनवितात. टॅनिन व अल्कलॉइड एकत्र आल्यास पाण्यात फार थोडे विरघळणारे संयुग होऊ शकते. त्यामुळे थंड काढ्याच्या तळाशी बसलेला साका म्हणजे केवळ चोथा असे समजून तो टाकून देणे योग्य नव्हे. कित्येकदा औषधाचा मोठा अंश त्यातच असतो. काढा कोमट असतानाच, ढवळून घ्यावा, ही जुनी शिस्त या दृष्टीने अत्यंत अर्थपूर्ण आहे.

काढ्यासाठी घेतलेल्या पाण्याचा विचार आपल्याकडे फारसा होत नाही. कठीण पाण्यात चहा केला असता वर तेलकट दिसणारी साय येते. ती तेलाची नसून कॅल्शियमच्या साहाय्याने तयार झालेली टॅनिनजातीय द्रव्यांची असते. जे चहात घडते ते हिरडा, बेहडा, अर्जुन यांच्या क्वाथात घडणार नाही असे मानण्यास आधार नाही. एका रुग्णाने नळाच्या पाण्यात व दुसऱ्याने कूपनलिकेच्या पाण्यात केलेला तोच काढा सारखा असेलच असे नाही. निदान एका रुग्णाने संपूर्ण उपचारकाळात एकच पाणी वापरावे, इतके तरी आपण सांगू शकतो.

आसवारिष्टांत संधानाने निर्माण झालेले मद्य, साधारणतः पाच ते दहा टक्के, पाण्यात न विरघळणाऱ्या काही द्रव्यांना द्रावणात आणते व टिकविते. म्हणून जुने, निवळलेले अरिष्ट बऱ्याच अंशी खरे द्रावण असते. तरीही महिने लोटल्यावर तळाशी थोडा साका येतोच. लोहासवाचे मात्र वेगळे. त्यात लोह आहे आणि त्रिफळाही आहे. लोह व हिरड्याचे टॅनिन एकत्र आले की काळी शाई होते. बोरूने लिहिणाऱ्या आपल्या पूर्वजांना ही कृती ठाऊक होती. ही काळी द्रव्ये मुख्यतः कलिलरूपात राहतात आणि कालांतराने साकळतात. लोहासवाची बाटली न हलविता दिली तर रुग्णास लोहाऐवजी गुळाचे मद्ययुक्त पाणीच अधिक मिळण्याचा संभव आहे.

स्नेहकल्पनेत आपल्या आचार्यांनी एक सुंदर परीक्षा सांगून ठेवली आहे. सिद्ध तेलात भिजविलेली वात अथवा कल्क अग्नीवर धरला असता चटचट आवाज होऊ नये. आवाज होतो तो तेलात अडकलेल्या पाण्याच्या सूक्ष्म थेंबांचा. ते थेंब राहिले तर तेल गढूळ दिसते, लवकर खवट होते व त्यात बुरशीचाही प्रवेश होतो. म्हणजे स्नेहपाक पूर्ण होणे याचा एक अर्थ पायस मोडून तेलातील द्रावण शिल्लक राहणे असा होतो. शतधौत घृतात आपण याच्या नेमके उलट करतो. शंभर वेळा पाण्याने घोटून आपण तुपात पाण्याचे सूक्ष्म थेंब कोंडतो. पिवळसर रवाळ तूप शुभ्र व लोण्यासारखे मऊ होते. तूप व पाणी दोन्ही तशी पांढरी नाहीत. वर्ण आला तो असंख्य थेंबांवरून प्रकाश विखुरल्यामुळे. दग्धव्रणावर त्याचा जो शीत स्पर्श जाणवतो, त्यात हळूहळू सुटणाऱ्या या पाण्याचाही वाटा असावा असे आम्हांस वाटते.

पथ्यकल्पनेतही हा भेद चिकित्सेस उपकारक ठरतो. आपल्या पूर्व भागातील विणकर ताण्याला खळ लावतात. पिष्टाचे दाणे गरम पाण्यात फुगून जो चिकट द्रव होतो ते कलिलच. घरातील भाताची पेज, मंड, पेया यांचे स्वरूपही तेच. अतिसारात आतड्यात पाणी ओढले जाणे हे विरघळलेल्या कणांच्या संख्येवर अवलंबून असते, वजनावर नव्हे. त्यामुळे खूप साखर घातलेले सरबत, द्रावण असल्याने, आतड्यात पाणी ओढून जुलाब वाढवू शकते. तितक्याच वजनाच्या तांदळाच्या पेजेत कण फार थोडे परंतु प्रचंड मोठे असतात. त्यांचे पचन होत होत शर्करा हळूहळू मिळते. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली क्षार-शर्करेच्या जलसंजीवनीचे प्रमाण सौम्य केले, त्यामागील विचार याच दिशेचा होता. सोलापूरच्या वैशाखात जुलाब झालेल्या बालकास जलसंजीवनीसोबत मिठाची पातळ पेज देण्यास आम्ही म्हणूनच कचरत नाही. मात्र जलसंजीवनीची पुडी सांगितलेल्या पाण्यातच पूर्ण विरघळवावी. अर्धी पुडी अर्ध्या पेल्यात, असले अंदाज द्रावणास चालत नाहीत.

रसौषधींचा विषय सर्वांत नाजूक आहे. भस्म पाण्यावर तरंगले की ते वारितर झाले असे आपण म्हणतो, आणि काही उत्साही लेखक त्यावरून भस्म म्हणजे कलिल असा निष्कर्ष काढतात. तो बरोबर नाही. लोहभस्म पाण्याहून कित्येक पटींनी जड आहे. तरी ते तरंगते कारण कण अतिसूक्ष्म असतात, पाण्याने सहज भिजत नाहीत आणि पृष्ठताण त्यांना तोलून धरतो. त्याच पाण्यात साबणाच्या पाण्याचा एक थेंब सोडावा. तरंगणारा थर मोडून खाली जाऊ लागतो. वारितरत्व ही सूक्ष्मतेची उत्तम कसोटी आहे. भस्म द्रवात समान पसरून राहील याची ग्वाही ती देत नाही. कज्जलीचेही असेच. पारद व गंधक यांचे हे काळे संयुग पाण्यात विरघळत नाही आणि त्याची घनता पाण्याच्या साडेसातपटीहून अधिक आहे. कज्जलीचे कल्प पाण्यात कालवून ठेवले तर ते पाहता पाहता बसतात. म्हणूनच ते मध, तूप, लोणी, साय यांत घोटून लगेच चाटविण्याची प्रथा आहे. अनुपानाचे योगवाहित्व, स्निग्धत्व इत्यादी गुण आपण जाणतोच; त्याचा दाटपणा कणांना मात्रेपुरते अधांतरी धरून ठेवतो, हा गुणही त्यांत जोडावा.

आता ज्यासाठी हा लेख लिहिण्याची आम्हांस विशेष निकड वाटली तो विषय. दर पुष्य नक्षत्रास गावोगावी सुवर्णप्राशनाची शिबिरे होतात. सुवर्णभस्म तूप व मध यांत मिसळून एका पात्रातून शेकडो बालकांस थेंब दिले जातात. प्राशनाच्या फलश्रुतीची चर्चा येथे करावयाची नाही. प्रश्न इतकाच, की पहिल्या बालकास व शेवटच्या बालकास तेच मिळते काय?

सोन्याची घनता पाण्याच्या एकोणीसपटीहून अधिक आहे. सुवर्णभस्माच्या सूक्ष्मदर्शकीय परीक्षणांत पन्नास-साठ नॅनोमीटरचे सुवर्णकण आढळलेले आहेत, परंतु ते सुटे नसतात. परस्परांस चिकटून त्यांचे मायक्रोमीटरच्या पातळीचे गुच्छ झालेले असतात. बसण्याचा वेग गुच्छ ठरवितो. दहा मायक्रोमीटरचा भरीव सुवर्णकण चाळीस अंश तापमानाच्या पातळ तुपात मिनिटास सुमारे दीड मिलिमीटर खाली जातो. पाच सेंटिमीटर उंचीच्या पात्रात हा अर्ध्या तासाचा प्रवास झाला. गुच्छ पोकळ असल्यास वेग कमी होईल, लहान असल्यास फारच कमी होईल. दोन मायक्रोमीटरचा कण त्याच अंतरास अर्धा दिवस घेईल. दाट मधात तर हीच गती शेकडो पटींनी मंदावते. परंतु मध व तूप यांचे मिश्रणही एकजीव नसते. मध तुपाच्या दीडपटीहून जड आहे. ढवळणे थांबले की मध खाली व तूप वर असे दोन थर पडू लागतात, आणि कोणत्या थरात किती भस्म आहे हे पाहणाऱ्यास कळत नाही.

ऋतूचाही परिणाम होतो. गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, पहाटेच्या थंडीत, तूप थिजते व कण जागच्या जागी अडकतात. एप्रिल-मे महिन्यांत आमच्या सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो आणि तूप तेलासारखे पातळ होते. जानेवारीत निर्धोक असलेली पद्धत मे महिन्यात निर्धोक राहत नाही.

एक काल्पनिक हिशेब पाहू. समजा, एका पात्रात शंभर बालकांची मात्रा आहे आणि वरून वरून घेत गेल्यामुळे निम्मे सुवर्ण तळाच्या पाचव्या हिश्शात उतरले. पहिल्या ऐंशी बालकांत निम्मे सुवर्ण वाटले जाईल. प्रत्येकास अपेक्षेच्या सुमारे त्रेसष्ट टक्के मिळेल. शेवटच्या वीस बालकांस प्रत्येकी अडीचपट मिळेल. नोंदवहीत मात्र शंभरही नावांपुढे "दोन थेंब" असेच लिहिलेले असेल. ज्या बालकास गुण आला नाही आणि ज्यास त्रास झाला, त्या दोघांच्या नोंदी अशा वहीवरून अभ्यासणे निरर्थक होय.

काश्यपसंहितेच्या लेहाध्यायातील विधी या पार्श्वभूमीवर पुन्हा वाचावा. धुतलेल्या शिळेवर थोड्या पाण्यासह सोने उगाळावे, मध व तुपासह घुसळावे आणि शिशूस चाटवावे, असा तो आहे. एक शिशू, एक मात्रा, ताजे घर्षण, लगेच प्राशन. बसण्यास कणांना वेळच नाही. साठवण व सामुदायिक वाटप आपण नंतर आणले. त्यामुळे निर्माण झालेली अडचण विधीची नसून आपल्या सोयीची आहे. (एक वर्षाखालील बालकास मध देऊ नये, कारण त्यातून क्वचित गंभीर विषबाधा होऊ शकते, असे आजचे बालरोगशास्त्र सांगते. शिबिरात बालकाचे वय विचारूनच पुढे जावे.)

आमच्या सभासदांस आम्ही पुढीलप्रमाणे सुचवितो. भस्म प्रथम थोड्या मधात खलात दीर्घकाळ घोटावे. एकदम पातळ तुपात टाकू नये. मध व तूप विषम प्रमाणात, मधाचा भाग अधिक ठेवून घ्यावेत, म्हणजे दाटपणा राहील. दिवसभराचे एकच मोठे पात्र न ठेवता वीस-पंचवीस मात्रांचे लहान पात्र करावे व ते संपल्यावरच दुसरे घ्यावे. प्रत्येक मात्रेपूर्वी तळापर्यंत पोहोचेल अशा काडीने ढवळावे. नुसते पात्र कलंडविणे पुरेसे नाही. तळाशी उरलेले शेवटचे थेंब कोणासही देऊ नयेत. उन्हाळ्यात पात्र थंड पाण्याच्या तसराळ्यात ठेवावे. आपल्या मिश्रणाची परीक्षा करण्यास प्रयोगशाळा लागत नाही. अरुंद काचनळीत ते भरून शिबिराच्या वेळेइतकाच काळ, त्याच उष्णतेत, उभे ठेवावे व थर पाहावेत. सुवर्ण फार अल्प असल्याने डोळ्यांस दिसणार नाही. म्हणून हीच परीक्षा प्रथम काळ्या कज्जलीवर करून पाहावी. तीत जे दिसेल ते पाहून बहुतेकजण आपली पद्धत बदलतील, असा आमचा विश्वास आहे.

नित्याच्या व्यवहारात औषधपत्रावर कल्पाच्या नावाशेजारी एक खूण करण्याची सवय आम्ही आता लावून घेतली आहे. निवळ द्रावण असेल तर काही नाही. साका धरणारे असेल तर "हलवून". प्रक्षेप असेल तर तो काढ्याच्या बाटलीत न टाकता, पुड्या वेगळ्या बांधून प्रत्येक मात्रेत वेगळा टाकावयाचा. त्या पाच वर्षांच्या मुलास आम्ही तोच काढा पुन्हा दिला. पिंपळीच्या तीन पुड्या वेगळ्या बांधल्या. मातेने विचारले, "औषध बदलले का हो?" आम्ही नाही म्हणालो. रात्रीची मात्रा त्याच्या पोटात टिकली.